मूळ संच, फिन्सबरी पार्क, १९९२: एका लाइव्ह अल्बमचं प्रकरण

आपल्याकडे जुनं नाटक परत आलं की जाहिरातीत पहिला शब्द असतो ‘मूळ संचात’. लोक तिकीट त्या दोन शब्दांसाठी काढतात, नाटक तर पाठच असतं. मॅडनेस या इंग्लिश बँडचा ‘मॅडस्टॉक!’ नावाचा लाइव्ह अल्बम नोव्हेंबर १९९२ मध्ये आला आणि माझ्या मते ती अख्खी केस या दोन शब्दांची आहे. मी स्वतः साउंडवाला आहे, लग्नाचे ऑर्केस्ट्रे, गणपतीतले कार्यक्रम, कॉलेजची गॅदरिंग्ज असलं सगळं करतो, त्यामुळे हा अल्बम मी जरा वाकड्या कानाने ऐकतो, म्हणजे गाणं कमी आणि गाण्याच्या मागे काय चाललंय ते जास्त.

आधी थोडं मागचं, कारण त्याशिवाय पुढचं कळत नाही. उत्तर लंडनच्या कॅम्डेन भागातली ही पोरं, १९७६ ला बँड सुरू झाला तेव्हा नाव वेगळंच होतं, नॉर्थ लंडन इन्व्हेडर्स. मग मॅडनेस हे नाव घेतलं ते जमैकाचा गायक प्रिन्स बस्टर याच्या एका गाण्यावरून. त्यांचं पहिलं सिंगल ‘द प्रिन्स’ (१९७९) हेसुद्धा त्यालाच केलेला नमस्कार, आणि पहिल्या अल्बमचं नाव ‘वन स्टेप बियाँड’, तीही मूळ त्याचीच रचना. म्हणजे गुरू कोण यात लपवाछपवी काही नव्हती. ते पहिलं सिंगल टू-टोन लेबलवर आलं, हे कॉव्हेंट्रीच्या जेरी डॅमर्सचं लेबल, द स्पेशल्स, द सिलेक्टर वगैरे काळी-गोरी पोरं एकत्र वाजवणारे बँड त्याच्यावर होते, सगळीकडे ते काळे-पांढरे चौकोन. मॅडनेस एका सिंगलनंतर लगेच स्टिफ रेकॉर्ड्सकडे गेले आणि तिथून सुटलेच. ऐंशीच्या दशकात ब्रिटनच्या सिंगल्स चार्टवर त्यांची गाणी मिळून २१४ आठवडे होती, युबी-फोर्टी हा दुसरा बँड बरोबरीत, तिसरं कोणी नाही.

हे सगळे बँड वाजवायचे तो स्का, जमैकाचा नाचायचा संगीतप्रकार. स्का म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी, तोंडाने एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि असं म्हणा. टाळी आकड्यांवर द्या. आता त्या प्रत्येक ‘आणि’वर गिटारचा छोटा, लगेच दाबून टाकलेला फटका मारा, छक् छक् छक् छक्. झालं. पाय आकड्यावर पडतो आणि वाद्य त्याला मधल्यामध्ये वर उचलतं, म्हणून स्कावर माणूस चालू शकत नाही, त्याला उडावंच लागतं. हे ‘उडावंच लागतं’ लक्षात ठेवा, पुढे बिल्डिंगच्या भानगडीत लागणार आहे.

मॅडनेसने यावर नंतर हळूहळू पॉप चढवला. ‘माय गर्ल’, ‘बॅगी ट्राउझर्स’, ‘एम्बॅरसमेंट’, ‘आवर हाऊस’ ही स्काच्या गल्लीतून निघून घरात शिरलेली गाणी आहेत, शाळा, आईबाप, शेजारी, लाज. ‘एम्बॅरसमेंट’ वरवर नाचायचं गाणं, पण मुळात सॅक्सोफोनवाला ली थॉम्पसनच्या बहिणीला मिश्र वंशाचं मूल होणार म्हणून घरात जे झालं त्याच्यावर आहे. आणि हे त्या काळात, जेव्हा त्यांच्याच कार्यक्रमांना उजव्या टोळक्यांतली टक्कल केलेली पोरं, म्हणजे स्किनहेड, येत होती. हा काटा पुढे पुन्हा टोचतो.

मग फुटले कसे? बऱ्याचशा चाली ज्याच्या होत्या तो कीबोर्डवाला माइक बार्सन १९८३ च्या शेवटाला बाहेर पडायचं ठरवून आम्स्टरडॅमला गेला. बाकीच्यांनी स्वतःचं लेबल काढलं, १९८५ ला ‘मॅड नॉट मॅड’ काढला, तो १६ नंबरवर अडकला, आणि १९८६ ला दुकान बंद. १९८८ ला चौघांनी ‘द मॅडनेस’ अशा नावाने परत हातपाय मारले, म्हणजे नावाला नुसता ‘द’ चिकटवून, आणि लोकांनी ढुंकून पाहिलं नाही. त्या प्रयोगातून जे समजायला हवं होतं ते सरळ आहे, चार माणसं आणि एक उपपद म्हणजे मूळ संच नव्हे.

मधल्या वर्षांत सगळे पांगले. ड्रमर वुडी व्हॉइस ऑफ द बीहाइव्हमध्ये वाजवत होता, थॉम्पसन आणि गिटारवाला ख्रिस फोरमन ‘द नटी बॉइज’ नावाने छोट्या जागी वाजवत होते, गायक सग्ज लिव्हरपूलच्या द फार्म या बँडबरोबर काम करत होता, आणि स्टेजवर आरोळ्या ठोकणारा, ट्रम्पेटवाला, विचित्र नाचणारा कॅथल स्मिथ उर्फ चॅस स्मॅश चक्क ‘गो! डिस्क्स’ या रेकॉर्ड कंपनीत नवे कलाकार शोधायची नोकरी करत होता.

आता प्रकरण. फेब्रुवारी १९९२ ला ‘डिव्हाइन मॅडनेस’ म्हणून २२ सिंगल्सचं कलेक्शन निघालं आणि थेट एक नंबरवर. ‘इट मस्ट बी लव्ह’ परत सिंगल म्हणून काढलं, तर तेही पहिल्या दहात. फुटून सहा वर्षं झालेला बँड, आणि अचानक लोकांना तोच हवाय. अशा वेळी बँडसमोर तीन दारं असतात. गप्प बसून रॉयल्टी घ्यायची, नवीन अल्बम करायचा, किंवा एकदा सगळ्यांनी स्टेजवर उभं राहायचं. त्यांनी तिसरं दार उघडलं, आणि उघडलं ते पण पूर्ण, म्हणजे आम्स्टरडॅमहून बार्सनला आणून, सातच्या सात. ८ आणि ९ ऑगस्ट १९९२, फिन्सबरी पार्क, उत्तर लंडन, कॅम्डेनपासून काही फार लांब नाही. दोन दिवसांत मिळून ७५,००० च्या आसपास लोक.

जागा मला इथे फार महत्त्वाची वाटते. मोठं स्टेडियम घेता आलं असतं, पण त्यांनी घेतलं घरच्या बाजूचं सार्वजनिक उद्यान. म्हणजे आपल्या पेठेतला बँड वीस वर्षांनी परत वाजवणार असेल तर तो बालेवाडीत नको, पेठेतल्याच मैदानावर हवा, अर्धं काम तिथेच झालं. आधी वाजवायला बोलावलेल्यांत इयन ड्युरी होता, ज्याला ऐकतच ही पोरं मोठी झाली, त्यामुळे ती निवडही घरचीच.

आणि बोलावलेल्यांत द स्मिथ्स या बँडचा जुना गायक मॉरिसी होता. पहिल्या दिवशी तो स्टेजवर आला, मागे पडद्यावर दोन स्किनहेड मुलींचा मोठा फोटो, आणि गाणं चालू असताना त्याने युनियन जॅक, म्हणजे ब्रिटनचा झेंडा, अंगाभोवती घेतला, फिरवला. गर्दीतून वस्तू आल्या, तो लवकर उतरला आणि दुसऱ्या दिवशी आलाच नाही. नंतर तिथल्या म्युझिक साप्ताहिकाने पहिल्या पानावर हा विषय घेतला आणि वर्षानुवर्षं यावर वाद चालला. त्याला काय म्हणायचं होतं यात मी पडत नाही. पण ज्या बँडने दहा वर्षं स्वतःच्या प्रेक्षकातल्या त्या टोळक्याचं ओझं वाहिलं, त्याच्याच घरच्या कार्यक्रमात झेंडा आणि टक्कल एका फ्रेममध्ये यावं, हे आयोजनात कोणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. आधी कोण वाजवणार हे ठरवताना लोक फक्त तिकीट बघतात, संध्याकाळचा मूड बघत नाहीत, हे मी इकडे छोट्या प्रमाणात दर सीझनला बघतो. अल्बममध्ये यातलं काहीच नाही अर्थात, तो मॅडनेसचा अल्बम आहे. पण त्या मैदानाची आठवण दोन तुकड्यांत फाटली, एक तुकडा सीडीवर आणि दुसरा वर्तमानपत्रात.

आता बिल्डिंग. मॅडनेस सुरू झाले आणि गर्दी उडायला लागली, एकदम, एका ठेक्यात, आणि आजूबाजूच्या उंच इमारतींतल्या लोकांना हादरे बसले, लोक भूकंप समजून खाली आले. हा प्रकार खरा आहे आणि प्रसिद्ध आहे. पण त्याच्यासोबत जो ‘रिश्टर स्केलवर ४.५’ असा आकडा फिरतो तो मी तरी गिळत नाही. कोयनेच्या बाजूच्या माणसाला विचारा ४.५ म्हणजे काय, पाटण-चिपळूणपर्यंत लोक घराबाहेर येतात, पुण्यात पंखे हलतात. फिन्सबरी पार्कच्या उड्यांनी ४.५ झाला असता तर अर्ध्या दक्षिण इंग्लंडला कळलं असतं. झालं असणार ते साधं आहे, माणूस ठेक्यावर उडतो तेव्हा सेकंदाला साधारण दोनदा जमिनीवर आदळतो, हजारो लोक ते एकाच वेळी करतात, खाली लंडनची चिकणमाती, आणि उंच इमारतीचं स्वतःचं डुलणं साधारण त्याच गतीच्या आसपास असतं, म्हणजे झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का दिल्यासारखं. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर तिसऱ्या मजल्यावर उभं राहून ताशाचा आवाज ऐकलाय त्याला जास्त सांगायला नको, काचा आधी वाजतात आणि मग पोटात कळतं. स्का असतो म्हणून हे होतं, संथ गाण्यावर ७५,००० लोक नुसते हलले असते आणि खाली कोणी आलं नसतं.

आणि आता अल्बमकडे, जो खरा विषय आहे. कार्यक्रम ऑगस्टमध्ये, सीडी नोव्हेंबरमध्ये, तीन महिन्यांत. तिकडे ख्रिसमसच्या आधी रेकॉर्ड बाजारात यावं लागतं, जसे आपल्याकडे दिवाळी अंक दिवाळीनंतर आले की रद्दी. लेबल कोणतं, तर ‘गो! डिस्क्स’, म्हणजे आपला चॅस स्मॅश जिथे नोकरीला होता तेच. मला हे फार आवडतं, स्टेजवर वेडेवाकडे हातवारे करणारा माणूस ऑफिसात बसून आपलाच बँड साइन करतोय असं डोळ्यासमोर येतं (प्रत्यक्षात कागदपत्रं कोणी केली देव जाणे).

१८ गाणी आहेत. सुरुवात ‘वन स्टेप बियाँड’ने, लगेच ‘द प्रिन्स’, म्हणजे स्काने दार उघडलं. मग मध्ये लांबलचक पॉप, ‘एम्बॅरसमेंट’, ‘माय गर्ल’, ‘द सन अँड द रेन’, ‘ग्रे डे’, ‘इट मस्ट बी लव्ह’, ‘शट अप’ अशी रांग, मग ‘आवर हाऊस’, ‘नाइट बोट टू कैरो’, आणि शेवटाकडे परत बस्टरचं ‘मॅडनेस’, ‘हाऊस ऑफ फन’, ‘बॅगी ट्राउझर्स’, आणि अगदी शेवटी जिमी क्लिफचं ‘द हार्डर दे कम’. दोन्ही टोकांना जमैका आणि पोटात उत्तर लंडन. कोणी मुद्दाम केलं असो वा नसो, क्रम छान आहे.

पण मी एकदा ही यादी ‘डिव्हाइन मॅडनेस’च्या २२ गाण्यांशेजारी ठेवून बघितली आणि एक गोष्ट दिसली जी मला आधी कधीच खटकली नव्हती. लाइव्ह अल्बम १९८३ ला थांबतो! ‘द सन अँड द रेन’ हे त्यातलं सगळ्यात अलीकडचं स्वतःचं गाणं, १९८३ च्या अखेरचं. त्यानंतरची एकही नाही. ‘मायकेल केन’ नाही, ‘वन बेटर डे’ नाही, ‘यस्टरडेज मेन’ नाही, ‘अंकल सॅम’ नाही, फुटताना काढलेलं ‘घोस्ट ट्रेन’ नाही. फेब्रुवारीतल्या कलेक्शनमध्ये ही पाचही होती आणि नोव्हेंबरच्या सीडीत पाचही गायब. त्यांच्याऐवजी काय घेतलंय, तर ‘बेड अँड ब्रेकफास्ट मॅन’ आणि ‘क्लोज एस्केप’, सिंगल नसलेली, १९७९-८० च्या अल्बममधली जुनी गाणी.

याचा अर्थ मी असा लावतो की मूळ संच परत आला तो माणसांचाच नाही, वर्षांचाही परत आला. बार्सन दूर जायला लागल्यावरची जी वर्षं, ज्यात गाणी उदास होत गेली, चार्टवर खाली गेली, ती मैदानावर आणलीच नाहीत निदान सीडीपुरती तरी. आणि गंमत म्हणजे ‘वन बेटर डे’ हे त्यांच्या चांगल्यातल्या चांगल्या गाण्यांपैकी आहे, कॅम्डेनमधल्या बेघर लोकांच्या वसतिगृहाच्या बाजूचं, म्हणजे त्या बागेपासून जवळचंच. ते गायलं असतं तर गर्दी उडाली नसती, शांत झाली असती. तुम्हाला एका संध्याकाळीत ते चालेल का, हा प्रश्न होता, आणि त्यांनी नाही म्हटलं. व्यवहार म्हणून बरोबर, पण अल्बम म्हणून मला त्यात एक दात पडल्यासारखी जागा दिसते.

विक्रीचं सांगायचं तर कलेक्शन एक नंबरवर आणि लाइव्ह अल्बम २२ वर. ‘द हार्डर दे कम’ सिंगल म्हणून काढलं ते पहिल्या ४० मध्येही नाही आलं. यात आश्चर्य काही नाही, ज्याने फेब्रुवारीत तीच गाणी घेतली तो नोव्हेंबरात परत त्याचसाठी पैसे का देईल. द्यायला कारण एकच, तो स्वतः तिथे होता किंवा जाता आलं नाही म्हणून चुटपुट आहे. लाइव्ह अल्बमचं गिऱ्हाईक हेच असतं, बाकी सगळे कलेक्शनवाले.

मग ऐकायचं कशासाठी? माझं उत्तर, गर्दीसाठी. सग्ज काही मोठा गायक नाही, त्याचा आवाज गाणं आणि बोलणं याच्या मध्ये कुठेतरी राहतो, स्टुडिओत क्लाइव्ह लँगर आणि अ‍ॅलन विन्स्टनली या निर्मात्यांच्या जोडीने त्याच्या भोवती पियानो, व्हायोलिन, ब्रास असं सगळं घर बांधून दिलेलं असायचं. मैदानावर ती भिंत पातळ होते. तिथे ती जागा लोक भरतात. जेव्हा हजारो माणसं गाणं पाठ असलेली असतात आणि गायकाचा आवाज तुमच्या-माझ्यासारखा असतो तेव्हा ते त्याच्यासोबत गातात, त्याला ऐकत बसत नाहीत. मोठ्या गळ्याच्या गायकासमोर लोक गप्प होतात, हे कोणत्याही मैफलीत बघा. म्हणून मॅडनेससारख्या बँडचा लाइव्ह अल्बम जमू शकतो, आणि तिथे गर्दी हा आवाजाचा कचरा नसतो, आठवं वाद्य असतं.

हे मी पुस्तकातून नाही शिकलो. काही वर्षांपूर्वी एका कॉलेज बँडचं वीस वर्षांनी परत एकत्र वाजवणं मी रेकॉर्ड केलं होतं, बँड माझ्या ओळखीतला, हॉल भरलेला, लोक खुर्च्यांवर उभे. मी शहाणपणा केला, मिक्सरमधून प्रत्येक वाद्याची लाइन वेगळी घेतली, चकाचक, एकाचं दुसऱ्यात काही सांडलेलं नाही, आणि गर्दीकडे एकही माइक लावला नाही. घरी येऊन ऐकलं तर काय, मध्यमवयीन पाच माणसं एका खोलीत तालीम करतायत आणि मधेच थांबून ‘थँक्यू, थँक्यू’ म्हणतायत, कोणाला ते कळत नाही. गायकाच्या माइकमधून लांबून कुठेतरी टाळ्या, शेजारच्या फ्लॅटमध्ये टीव्ही चालू असल्यासारख्या. बँडवाल्यांनी ऐकलं, ‘छान क्लिअर आहे रे’ म्हणाले आणि परत कधी मागितलं नाही. संध्याकाळ भारी झाली होती, मीच ती बाहेर ठेवली.

मॅडनेसचं पुढे काय झालं तेही या केसमध्ये धरायला लागेल. मॅडस्टॉक एकदाच व्हायचं होतं ते १९९४, ९६, ९८ ला परत परत झालं, त्याच बागेत. आणि नवीन अल्बम? तो आला १९९९ ला, ‘वंडरफुल’, म्हणजे सात वर्षं गेली. मधल्या काळात बँड होता, तिकिटं खपत होती, पण नवीन काही नव्हतं. लॉस एंजेलिसमध्ये रेकॉर्ड केलेला अजून एक लाइव्ह अल्बम मात्र होता. मी याला मॅडस्टॉकचं यश आणि मॅडस्टॉकचाच तोटा दोन्ही म्हणेन, कारण पहिल्या वेळी ते इतकं बेफाम झालं की नवीन गाणं लिहायची घाई कोणाला असेल, दर दोन वर्षांनी बाग भरतेच आहे. आपल्याकडचे ‘मूळ संच’वाले प्रयोग पण असेच अडकतात, शंभरावा, दोनशेवा, आणि नवीन संहिता कपाटात.

ते त्यातून सुटले हे मात्र मान्य करायला हवं. २००९ चा ‘द लिबर्टी ऑफ नॉर्टन फोलगेट’ हा माझ्या मते त्यांचा सगळ्यात भारी अल्बम, दहा मिनिटांचं शीर्षकगीत, लंडनच्या एका छोट्या विसरलेल्या तुकड्यावर. २०१२ ला राणीच्या गादीवरच्या साठाव्या वर्षाला बकिंगहॅम पॅलेसच्या गच्चीवर उभं राहून ‘आवर हाऊस’ वाजवलं, विनोद त्यांनी समजावून सांगितला नाही, गरजही नव्हती. २०२३ ला कधी नव्हे तो स्टुडिओ अल्बम एक नंबरवर गेला, पण तोवर चॅस स्मॅश २०१४ लाच बाहेर पडलेला, म्हणजे सातचा संच राहिला नाही.

त्या कॉलेज बँडने पुढच्या वर्षी परत बोलावलं, हे मला वाटलं नव्हतं. यावेळी दोन माइक स्टेजच्या कडेला, गर्दीकडे तोंड करून, जरा उंचावर लावले. डावीकडच्यात अख्खं दुसरं कडवं लोक गातायत ते आलंय, सुरात-बेसुरात, एक बाई तर अर्ध्या ओळीने पुढे पळते. उजवीकडच्यात वडापाववाला आलाय, शेवटच्या गाण्याभर. मी तो काढला नाही.